दिवसभर घरीच असते, तरी एवढी दमते कशी?

एका वाचक मैत्रिणीने पत्रातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६, राहणार पिंपळे सौदागर, पुणे. सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड. २०२० च्या मार्चमध्ये लॅपटॉप घरी आला तो आलाच. आता ऑफिसला जाणं महिन्यातून एखाद-दोनदा. क्लायंट अमेरिकेतला, त्यामुळे शेवटचा कॉल रात्री साडेनऊचा. नवरा रोज चाकणला कारखान्यात जातो, मुलगा दुसरीत, सासूबाई सोबत राहतात. गेले काही महिने सकाळी डोळे उघडतानाच थकवा असतो, टीम्सचा (ऑफिसचे मेसेज आणि कॉल ज्यावर येतात त्या अ‍ॅपचा) आवाज आला की छातीत धस्स होतं, रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो, दीड तासाचं काम दिवसभर पुरतं आणि मुलावर उगाचच ओरडलं जातं. घरचे म्हणतात, घरीच तर असतेस. मॅनेजर म्हणतो, तुझा ट्रॅफिक तरी वाचला. "मी आळशी झालेय का? की यालाच बर्नआउट म्हणतात? नोकरी सोडू का?"

आळशी नाही, हे आधी सांगून टाकते. आळशी माणसाच्या पोटात रविवारी संध्याकाळी गोळा येत नाही. मी मानसशास्त्रज्ञ आहे, औषधं लिहून देणारी डॉक्टर नव्हे. पण हिंजवडी, बाणेर, खराडी, मगरपट्टा या भागातली नोकरदार मंडळी बरीच वर्षं माझ्याकडे येत आली आहेत, आणि तुम्ही लिहिलंय ते जवळपास याच शब्दांत मी नेहमी ऐकते. त्यावरून माझं मत असं झालंय की तुमचा त्रास घरून काम करण्याचा कमी आणि काम न संपण्याचा जास्त आहे. ते रोज कधी संपावं हे तुमच्या हातात राहिलेलं नाही. उद्या तुम्ही ऑफिसला जायला लागलात, किंवा कंपनी बदललीत, आणि ही एक गोष्ट तशीच राहिली, तर थकवा तुमच्या मागोमाग तिथे येईल.

बर्नआउट म्हणजे काय ते पटकन बघू, कारण हल्ली सोमवारच्या कंटाळ्यालाही लोक बर्नआउट म्हणतात. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात काम करणाऱ्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये यावर लिहिलं. झपाटून काम करणारे स्वयंसेवक काही काळाने विझल्यासारखे होतात, चिडचिडे होतात, हे त्याने स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर पाहिलं होतं. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी सुझन जॅक्सन यांच्यासोबत १९८१ मध्ये ते मोजण्याची प्रश्नावली केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात त्याची नोंद करताना तीन खुणा दिल्या: शक्ती संपल्यासारखी वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून नीट काम होत नाही अशी भावना. तुमच्या पत्रात पहिली आणि तिसरी अगदी स्पष्ट आहे. दुसरी तुम्ही लिहिली नाहीत, पण एक वाक्य आहे तुमचं, "प्रॉडक्ट चाललं काय, बुडलं काय, मला काही वाटत नाही." तीच ती.

त्या नोंदीत आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. संघटनेने बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ चालू राहिला आणि त्याची नीट व्यवस्था लागली नाही, की जे होतं ते, असं म्हटलंय. म्हणजे याचं मूळ कामाच्या रचनेत शोधायचं असतं. तुमचा स्वभाव, तुमची सहनशक्ती, तुमचं 'टाइम मॅनेजमेंट' हे सगळं नंतर.

तरीही पहिलं काम रक्त तपासण्याचं. हे ऐकून लोक हिरमुसतात, मनाचं विचारायला आलो आणि ही लॅबला पाठवते. पण हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड या चार गोष्टी बघितल्याशिवाय मी थकव्यावर बोलत नाही. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं अगदी नेहमीचं आहे. दिवस घरात जातो, ऊन अंगावर पडत नाही, म्हणून ड जीवनसत्त्व खाली असतं. आणि तुमच्या वयाच्या बायकांमध्ये थायरॉइड आणि रक्त कमी असणं दोन्ही सर्रास. यातलं काही निघालं तर ऑफिसची भानगड मिटणार नाही, पण निम्मा भार हलका होऊ शकतो. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगा, ते लिहून देतील. छातीत धस्स होण्याबद्दलही त्यांना सांगा, तपासून घेतलेलं बरं. झोपेत घोरणं, मध्येच श्वास अडकून जाग येणं असं काही असेल तर तेही सांगा.

दुसरी शहानिशा डिप्रेशनची. बर्नआउट आणि डिप्रेशन एकमेकांत मिसळतात, काटेकोर रेघ मारता येत नाही. तरी ढोबळमानाने मी असं विचारते: सुट्टीत, मामाच्या गावी, मैत्रिणींबरोबर असताना तुम्हाला बरं वाटतं का? जेवणाला चव लागते का? मुलाच्या एखाद्या चावट प्रश्नावर हसू येतं का? कामापासून लांब गेल्यावर जीव परत येत असेल तर बोट कामाकडे जातं. कुठेही गेलं तरी तेच मळभ, दोन आठवड्यांहून जास्त, झोप-भूक बिघडलेली, आणि आपण नसलो तर बरं असे विचार, असं असेल तर पुढचं काही वाचत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं. तुमच्या पत्रावरून तुम्ही त्या टोकाला आहात असं मला वाटत नाही, पण पत्रावरून निदान करायचं नसतं.

आता घराकडे येते.

ऑफिसला जाण्याच्या काळात दिवसाला एक शेवट होता, तो कोणी मुद्दाम केलेला नव्हता. सव्वासहाची कंपनीची बस होती. ती चुकली की रिक्षाला पैसे घालवावे लागत, म्हणून माणूस उठायचाच. शेजारचा "चल गं, निघतेस ना" म्हणायचा. मग तास-दीड तास वाकड पुलाखाली अडकून पडायचं, शिव्या घालायच्या, कानात गाणी लावायची, आणि घरी पोचेपर्यंत दुपारी क्लायंटने जे सुनावलं त्याची धार बोथट झालेली असायची. ट्रॅफिकचं कौतुक मी करत नाहीये, हिंजवडीच्या ट्रॅफिकचं कौतुक कोणी करू नये. पण त्या वाया गेलेल्या वेळात डोकं कामातून बाहेर पडत होतं हे खरं. जर्मनीतल्या मानसशास्त्रज्ञ सबिने सोनेनटाग यांनी कामानंतर माणूस सावरतो कसा यावर वर्षानुवर्षं संशोधन केलंय. त्यात पुन्हा पुन्हा येणारा मुद्दा हा की काम थांबल्यावर मनानेही ते सोडता आलं पाहिजे. शरीर सोफ्यावर आणि मन उद्याच्या रिलीजमध्ये (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर जाण्यात), अशा दोन तासांच्या आरामाने फारसं काही भरून निघत नाही.

तुमचा दिवस तर दोन्ही बाजूंनी ताणलेला आहे. सकाळी दहाला इथल्या टीमचा स्टँडअप म्हणजे रोजची छोटी बैठक, रात्री साडेनऊला तिकडचा कॉल. मध्ये दुपारी दोन-अडीच तास काही नसतं, आणि त्यावर बोट ठेवूनच घरचे म्हणतात, मोकळी तर असतेस. त्या वेळात तुम्ही काय करता ते तुम्ही लिहिलंय: मुलाला बसवरून आणणं, त्याला वाढणं, गिरणीतून दळण, संध्याकाळच्या भाजीची तयारी, आणि हे सगळं फोन ओट्यावर समोर ठेवून, कारण कोणीतरी पिंग करेल. याला मोकळा वेळ म्हणत नाहीत. ही वाट बघण्याची ड्यूटी आहे, आणि वाट बघण्यातही माणूस दमतो. दवाखान्यात ऑन-कॉल असलेल्या डॉक्टरला विचारा. त्यात बाईमाणसाचा घरातला वाटा वेगळा. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला २९९ मिनिटं जात होते आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे ९७. ऑफिसला जात होतात तेव्हा यातलं थोडंफार दुसऱ्या कोणाकडे आपसूक जायचं. आता घरी दिसताय म्हटल्यावर सगळं तुमच्याकडे चालत येतं.

सगळा दोष घरून काम करण्याच्या पद्धतीवर टाकायचा नाही, असं मी म्हणते त्याला आधार आहे. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी चीनमधल्या सीट्रिप या पर्यटन कंपनीच्या शांघायच्या कॉल सेंटरमध्ये प्रयोग केला होता, करोनाच्या खूप आधी. आठवड्यातले चार दिवस घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. सगळ्या मॅनेजमेंटवाल्यांना हा आकडा पाठ असतो. त्याच्या पोटातलं कोणी सांगत नाही: त्या १३ पैकी ९ टक्के हे लोक कमी वेळा उठले, कमी आजारी रजा घेतल्या, म्हणजे जास्त मिनिटं काम केलं, यातून आले होते. प्रयोग संपल्यावर त्यातले निम्मे लोक ऑफिसात परतले, आणि एकटेपणा हे मोठं कारण होतं. याच कंपनीत नंतर १,६०० हून जास्त लोकांवर दुसरा प्रयोग झाला, तो २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. आठवड्यातले दोनच दिवस घरून काम दिलं, तर कामगिरी घटली नाही आणि नोकरी सोडून जाणारे एक तृतीयांशाने कमी झाले. मला यातून एवढंच घ्यायचंय की किती दिवस घरून, कोणाच्या मर्जीने आणि किती तास, यावर सगळं अवलंबून आहे. तुम्हाला आठवड्यातून एक-दोन दिवस ऑफिसला जाता येत असेल तर जा. कामासाठी म्हणून नव्हे, कॅन्टीनमध्ये कोणाशी तरी क्लायंटबद्दल कुचकट बोलता यावं म्हणून. त्याला औषधी गुण आहेत.

हिरव्या ठिपक्याबद्दल बोललं पाहिजे. टीम्सवर आपण 'उपलब्ध' आहोत हे दाखवणारा तो ठिपका पिवळा होऊ नये म्हणून लोक काय काय करतात हे मी ऐकते तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. आंघोळीला जाताना फोन सोबत. माउस आपोआप हलत राहावा म्हणून चार-पाचशे रुपयांचं यंत्र मागवणारे आहेत. एक जण जेवताना दर पाच मिनिटांनी डाव्या हाताने टचपॅडवरून बोट फिरवून यायचा, दुसऱ्या खोलीत जाऊन. टीम्स बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्याच २०२२ च्या पाहणीत ८७ टक्के कर्मचारी म्हणाले आम्ही व्यवस्थित काम करतो, आणि आपली टीम व्यवस्थित काम करते असा पूर्ण विश्वास असलेले वरिष्ठ निघाले फक्त १२ टक्के. या दरीत तो ठिपका बसलेला आहे. माणूस काम करण्यात जितका दमतो त्यापेक्षा काम करताना दिसण्यात जास्त दमतो.

व्हिडिओ कॉलचंही थोडं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये या थकव्याची चार कारणं मांडली: अगदी जवळून रोखलेल्या नजरा, सतत स्वतःचा चेहरा समोर दिसणं, एका जागी खिळून बसणं, आणि हावभाव कळून घ्यायला व कळवायला लागणारी जास्तीची मेहनत. यातलं दुसरं आजच बंद करता येतं, स्वतःचं चित्र लपवायची सोय बहुतेक अ‍ॅपमध्ये आहे. ज्या कॉलमध्ये तुम्ही फक्त ऐकायला आहात तो कॅमेरा बंद करून, उभं राहून किंवा गॅलरीत फेऱ्या मारत ऐका. आणि तासाचा कॉल पन्नास मिनिटांत संपवायची सवय टीम लीड म्हणून तुम्हीच लावू शकता.

आता करायचं काय. सुरुवात एका वहीपासून करा. शंभर पानी, कागदाची. मोबाइलमधलं टिपण नको, तो उघडला की पिंग दिसतंच. एक आठवडा, कामाला हात लागेल तितक्या वेळा लिहायचं: किती वाजता, किती वेळ, कोणाचं, आणि हे उद्या सकाळी केलं असतं तर काय बिघडलं असतं. माझ्याकडे येणाऱ्यांच्या वह्यांमध्ये साधारण अशा ओळी असतात:

"७.५० – चहा घेताना मेल पाहिले. उत्तर दिलं नाही, पण डोक्यात राहिलं.
१.२० – मुलाला आणताना बसस्टॉपवर कॉल. उद्या चाललं असतं.
४.०५ – बिल्ड फेल (सॉफ्टवेअर तयारच होईना). खरंच अर्जंट.
८.४५ – जेवता जेवता स्लाइड दुरुस्त केल्या. कॉलमध्ये त्या उघडल्याच नाहीत.
११.४० – मॅनेजरचा मेसेज: 'हाय.' पुढे काहीच नाही. १२.१५ पर्यंत वाट पाहिली."

हा नुसता 'हाय' हा प्रकार काय आहे कळत नाही. दारावरची बेल वाजवून पळून जाणारी पोरं निदान आठ वर्षांची तरी असतात.

आठवड्याच्या शेवटी दोन बेरजा करा. पहिली, एकूण तास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये एकत्र मांडलेल्या अभ्यासात, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त दिसला. तुमची बेरीज त्या बाजूला जात असेल तर हा मूडचा प्रश्न राहत नाही. दुसरी बेरीज, "उद्या चाललं असतं" अशा ओळींची. माझा अंदाज आहे की रात्री आठनंतरच्या बहुतेक ओळी त्यात येतील. हीच तुमची मॅनेजरशी बोलायची सामग्री.

बोलायला जाताना "मला खूप स्ट्रेस आहे" असं सुरू करू नका. त्यावर समोरचा सहानुभूती दाखवतो, फार तर एक दिवस रजा घे म्हणतो, आणि विषय संपतो. कधीकधी तर "हिला पुढचं प्रोजेक्ट झेपेल का" अशी शंका नोंदली जाते. हे अन्याय्य आहे, पण होतं. कामाच्या भाषेत बोला. "माझा पहिला कॉल दहाला असतो, शेवटचा साडेनऊला. गेल्या आठवड्यात मी इतके तास काम केलं, त्यातलं इतकं दुसऱ्या दिवशी चाललं असतं. हे असंच चाललं तर माझ्या हातून चुका होतील, व्हायला लागल्यात. माझ्याकडे दोन पर्याय आहेत: रात्रीचा कॉल मी आणि अमुक आळीपाळीने घेऊ, किंवा ज्या दिवशी रात्रीचा कॉल त्या दिवशी माझं काम दुपारी एकला सुरू होईल. यातलं कोणतं चालेल?" आणि बोलणं झाल्यावर त्याच दिवशी दोन ओळींचा मेल: आज ठरल्याप्रमाणे असं असं. तोंडी ठरलेलं आपल्याकडे पुढच्या रिलीजपर्यंत टिकत नाही. नोव्हेंबरकडेही लक्ष ठेवा. पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात आणि तुमचा साडेनऊचा कॉल गुपचूप साडेदहाचा होतो. दिवाळीच्या आसपास हा विषय आपणहून काढा, नंतर काढला तर "सगळेच करतायत" असं उत्तर मिळतं.

कायद्याचं विचाराल तर फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२४ पासून कामाची वेळ संपल्यावर फोन-मेलला उत्तर न देण्याच्या हक्काला कायद्याची जोड आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत याच आशयाचं खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामाचे तास आणि दुप्पट दराने ओव्हरटाइम आहे, पण व्यवस्थापकीय व देखरेखीच्या जागा त्यातून वगळल्या आहेत, आणि आयटीत टीम लीडला कोणत्या खान्यात टाकायचं हे कंपनीच ठरवून मोकळी होते. तेव्हा कायदा येईपर्यंत टीममध्ये लिहून ठरवलेला नियम हाच तुमचा आधार.

कंपनी तुम्हाला वेलनेस वेबिनारची लिंक पाठवेल. बहुधा शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता. प्राणायाम, ध्यान, माइंडफुलनेस यांच्याविरुद्ध माझं काही नाही, मी स्वतःही शिकवते, झोपेला आणि धडधडीला त्याचा उपयोग होतो. पण साडेनऊच्या कॉलवर अनुलोम-विलोम हा उपाय म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. एचआरकडून समुपदेशनाची मोफत सत्रं मिळत असतील तर ती मात्र जरूर घ्या. ती गोपनीय असतात का हे आधी लेखी विचारून घ्या.

घरातलं बोलणं मॅनेजरपेक्षा अवघड असतं. सासूबाईंवर तुमचा राग आहे, तो पत्रात दिसतो. पण त्यांच्या बाजूने एकदा बघा. या वयात दुपारी निवांत मालिका लावावी तर सून कॉलवर. मिक्सर लावायचा नाही, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, बेल वाजली तर धावत जायचं, नातवाला "श्श" करत बसायचं. अनेक घरांत एक माणूस कॉलवर असतो आणि बाकीचं अख्खं घर म्यूटवर. त्यांना कोणी विचारलेलं नसतं. "आई, माझ्या कामाचा तुम्हाला काय त्रास होतो?" हा प्रश्न तुम्ही आधी विचारलात तर पुढचं सगळं सोपं जाईल. मग आपलं सांगायचं, नेमकं: "दहा ते एक आणि तीन ते सहा दार लोटलेलं असेल. तेव्हा मी हिंजवडीला गेलेय असं समजा. घराला आग लागली तरच हाक मारा. एक ते तीन मिक्सर, टीव्ही, काय हवं ते." ही वेळ कागदावर लिहून फ्रिजवर लावा, सरळ.

नवऱ्याशी बोलताना "तू मदत करत नाहीस" असं भांडण काढू नका, कामं वाटून मागा. रात्रीच्या कॉलच्या दिवशी मुलाला झोपवणं आणि ओटा आवरणं हे त्याचं खातं. तो चाकणहून दमून येतो, मान्य. तुम्हीही दमलेल्या असता, फक्त तुमच्या कपड्यांवर ग्रीस दिसत नाही.

दिवसाचा शेवट आता हाताने करावा लागेल. शेवटचा कॉल झाला की उद्याची पहिली तीन कामं वहीत लिहा, कारण डोकं रात्री तेच घोळवत बसतं आणि कागदावर उतरलं की बऱ्यापैकी सोडतं. लॅपटॉप बंद करून बॅगेत आणि बॅग कपाटात. डायनिंग टेबलावर उघडा ठेवलेला लॅपटॉप सकाळच्या चहाबरोबर तुम्हाला खातो. मग खाली उतरून सोसायटीला दोन चकरा. वॉचमनशी दोन शब्द. फोनवरच्या टीम्सला रात्री आठ ते सकाळी आठ शांत बसवायची सोय आहे, ज्या दिवशी कॉल नाही त्या दिवशी ती लावा. खरोखर काही पेटलं तर माणसं फोन करतात. चार्जर हॉलमध्ये. जेवण कॉलच्या आधी, नंतर नको. आणि पलंगावर बसून काम अजिबात नाही, जागा कितीही कमी असली तरी. पलंगाची गाठ झोपेशीच राहू द्या. सकाळी पहिल्या कॉलच्या आधी वीसेक मिनिटं उन्हात चाला, मुलाला बसपर्यंत सोडायला तुम्हीच जा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. तुम्ही स्वतः टीम लीड आहात. तुमच्या हाताखालची पोरं रात्री पावणेबाराला तुमचा मेसेज वाचून जागी बसतात का? वहीत एक रकाना त्याचाही करा. रात्री सुचलं तर लिहा, पण सकाळी दहाला जाईल असं शेड्यूल करून ठेवा. हे तुम्ही आजपासून, कोणाची परवानगी न घेता करू शकता, आणि स्वतःच्या टीममध्ये ते चालू झालं की मॅनेजरशी बोलताना तुमचा आवाज वेगळा लागतो.

राहिला राजीनामा. आत्ता देऊ नका. या अवस्थेत सगळे निर्णय पळ काढण्याच्या बाजूने झुकतात, आणि गृहकर्जाचा हप्ता असताना तो पळ महागात पडतो. आधी रक्ताचे रिपोर्ट, मग वही, मग मॅनेजरशी बोलणं, आणि त्यानंतर सलग आठ-दहा दिवसांची खरी रजा, काम रीतसर दुसऱ्याकडे सोपवून, लॅपटॉप घरी ठेवून. पहिले दोन-तीन दिवस फक्त झोप येईल किंवा डोकं दुखेल, घाबरू नका. सुधारणेचा क्रमही माहीत असू द्या: आधी झोप सुधारते, मग चिडचिड उतरते, कामाचा वेग सगळ्यात शेवटी येतो, त्याला महिने लागू शकतात. पहिल्या आठवड्यात वेग आला नाही म्हणून स्वतःला नापास करू नका.

रजेवरून परतल्यावर महिनाभर बघा. ठरलेलं पाळलं जातंय का? रात्रीचे कॉल खरंच आळीपाळीने होतायत का? होत असतील तर थांबा. मेलवर ठरूनही सगळं पूर्वपदावर गेलं, आणि रविवारची ती पोटातली गाठ परत आली, तर मग नोकरी बदलायचा विचार करा. आधी कंपनीतल्याच दुसऱ्या टीमची चौकशी करा, शक्यतो युरोपच्या क्लायंटची, तिकडचे कॉल संध्याकाळी आटपतात. बाहेर जायचं असेल तर नोटीस पिरियड किती आहे ते नियुक्तीपत्रात बघा. आयटीत तो बऱ्याचदा तीन महिन्यांचा असतो, आणि ते तीन महिने याच कॉलवर काढायचे असतात, म्हणून ताकद थोडी भरून आल्यावरच राजीनाम्याचा कागद द्या. नव्या ठिकाणी मुलाखतीत पगाराइतकंच ठामपणे विचारा: टीमचा शेवटचा कॉल किती वाजता असतो, आणि तो कोण घेतं.